शंभर टक्के एकमत

पडद्यावरचा एकच खांब सरसर वर चढला आणि शंभर टक्क्यांवर जाऊन थांबला. बाकीचे तीन खांब जमिनीलाच चिकटून राहिले. मागच्या बाकावर बसलेल्या आमच्या व्हाइस डीन ब्रांकित्साबाईंनी टाळी वाजवायची तेवढी बाकी ठेवली. माझा मात्र त्या खांबावर विश्वास बसेना.

दुसरी कुणी असती तर खूश झाली असती. तीन जणांची समिती माझा तास बघायला आली होती, माझी पाच वर्षांची नेमणूक जूनमध्ये संपत होती, ती पुढे चालू ठेवायची की नाही ते या तासावर ठरणार होतं, आणि वर्गातल्या झाडून सगळ्या पोरांनी पहिल्याच प्रश्नाला अचूक उत्तर दिलं होतं. पण ऑक्टोबरपासून मी या पोरांना ओळखते. पहिल्या फेरीत यांचं कधीच कशावर एकमत होत नाही. दोन आणि दोन किती असं विचारलं तरी एखादा शहाणा पाच दाबणारच.

माझी पद्धत साधी आहे. प्रत्येकाच्या हातात टीव्हीच्या रिमोटसारखा एक छोटा क्लिकर असतो, त्याला चार बटणं. पडद्यावर मी चार-पाच ओळींची एक सिद्धता लावते आणि विचारते, ही कुठे मोडते? अ, ब, क, नाहीतर ड, म्हणजे कुठेच मोडत नाही, ठीक आहे. प्रत्येकानं गुपचूप बटण दाबायचं. कुणी काय दाबलं ते कुणाला कळत नाही, पडद्यावर नुसते खांब दिसतात. उत्तर मी सांगत नाही. मी म्हणते, आता शेजाऱ्याला पटवा. मग वर्गाचा मासळीबाजार होतो. एकमेकांना मूर्ख ठरवून झालं की पुन्हा मतदान. त्या मधल्या भांडणात पोरं सिद्धता लिहायला शिकतात, कारण सिद्धता म्हणजे तरी दुसरं काय? ज्याला तुमचं ऐकायचंच नाही त्याला शेवटी ‘बरं बाबा’ म्हणायला लावायचं.

पण भांडायला आधी मतभेद तर हवा. शंभर टक्क्यांवर भांडण कुठून काढू?

समितीत एक ब्रांकित्साबाई. अध्यक्ष होते प्रोफेसर त्रिफुन. त्यांनी मलाही शिकवलंय, माझ्या आधीच्या दोन पिढ्यांनाही. अंगावरचा कोट न काढता ते शेवटच्या बाकाच्या टोकाला बसले होते. वर्गात उकडत होतं, हीटर अजून चालू होते आणि खिडक्या अर्थातच बंद. समोरासमोरचं दार आणि खिडकी उघडी ठेवून वारा अंगावर घ्यायची, म्हणजे हमखास आजारी पडायची, हौस आमच्या निश शहरात कुणाला असते? माझ्या क्लिकरना ते ‘खेळणी’ म्हणायचे. मागच्या वर्षी भर सभेत ते मला म्हणाले होते, “नेवेना, गणितात मतदान होत नसतं. शंभर गाढवांनी हात वर केले म्हणून सात ही सम संख्या होत नाही.” सगळे हसले होते. मीही हसले होते, आणि घरी जाऊन भांडी आपटली होती.

तिसरे होते एक बाहेरगावचे पाहुणे. समितीत एक माणूस बाहेरचा लागतो, म्हणून आलेले. चष्मा कपाळावर, मुद्रा प्रसन्न. सकाळी डीनच्या खोलीत त्यांनी बुरेकचे, म्हणजे चीज भरलेल्या खाऱ्या पेस्ट्रीचे, दोन मोठे तुकडे दह्याबरोबर संपवले होते आणि तेव्हापासून ते सगळ्यांवर प्रेम करत होते.

“छान,” मी वर्गाला म्हटलं.  “सगळ्यांना एकच वाटतंय. तरीपण शेजाऱ्याला पटवा बघू.”

पोरं एकमेकांकडे वळली आणि लग्नाच्या फोटोला बसल्यासारखी हसत राहिली. कुणी काहीच बोलेना. बोलणार काय? ज्याला पटलंय त्याला काय पटवायचं?

मी दुसरा प्रश्न लावला. हा मुद्दाम घाणेरडा निवडला होता. गेल्या वर्षीच्या वर्गाचे यावर चार सारखे तुकडे झाले होते. मी घड्याळाकडे न बघता पोरांकडे बघत राहिले, आणि तेव्हा मला दिसलं. पडद्याकडे कुणी बघतच नव्हतं. सगळ्यांच्या नजरा खिडकीकडच्या तिसऱ्या बाकावर. तिथे बसला होता ओग्नेन, या वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा. दहापैकी दहाच्या खाली कधी न उतरलेला. त्यानं सिद्धता वाचली, विचार केला आणि सावकाश नाक खाजवलं.

खटाखट बटणं वाजली. ब. शंभर टक्के. बरोबर.

पहिल्या प्रश्नाला त्यानं कान खाजवला होता ते आता आठवलं. कान म्हणजे अ, नाक म्हणजे ब, मग हनुवटी म्हणजे क असणार. ड काय असेल तेही पुढे कळणारच होतं. आमच्याकडे शाळेत पहिलीत गेल्या गेल्या मूल दोन गोष्टी शिकतं, अक्षरं आणि शेजाऱ्याला उत्तर पुरवणं. अक्षरं न आलेली चालतात. पण ज्याला येतं आणि तरी जो सांगत नाही, त्याच्या डब्यातलं कुणी खात नाही. फोन मी तास सुरू होतानाच पेटीत ठेवून घेतले होते, पण नाक कसं काढून घेणार?

मी बाकांमधून फिरत फिरत यागोदापाशी गेले. ही पोरगी पहिल्या दिवसापासून माझी लाडकी. प्रत्येक प्रश्नाला चुकते आणि प्रत्येकाशी भांडते. तिच्यावर वाकून, ओठ न हलवता मी विचारलं, “काय चाललंय हे?”

“बाई, तुम्ही टेन्शन घेऊ नका,” ती पुटपुटली. “आम्ही बघतो.”

“काय बघता?”

“ऑफिसातल्या काकूंनी सांगितलं आम्हाला. आज बिघडलं तर तुम्हाला काढणार. ओग्नेन सगळं सांभाळतोय. तुम्ही फक्त पुढचा प्रश्न लावा.”

“यागोदा, अगं...”

“बाई, जा ना, ते म्हातारे बघतायत.”

मी पुढे गेले. मला या पोरांचा इतका राग आला होता की एकेकाचे कान उपटावेसे वाटत होते, आणि त्याच वेळी डोळे भरून येत होते. माझ्यासाठी! पहिल्या वर्षाची ही कार्टी, ज्यांना स्वतःचा जेवणाचा डबा धुवायचं लक्षात राहत नाही, ती एकत्र बसून कान, नाक, हनुवटी ठरवून आली होती, कारण माझी नोकरी जाऊ नये. आणि जिच्यावर ती नोकरी ठरणार होती ती पद्धत त्यांनी स्वतःच्या हातानं मारून टाकली होती. हे त्यांच्या गावीही नव्हतं.

तिसरा प्रश्न. हनुवटी. क. शंभर टक्के.

ब्रांकित्साबाईंनी मला मागून अंगठा दाखवला. ती माझी मैत्रीण, मला या समितीसमोर उभं करण्यासाठी तिनंच धडपड केली होती. आता तिनं मनगटावरच्या घड्याळावर दोनदा बोट आपटलं. तिचा अर्थ स्पष्ट होता. झालं, जिंकलीस, आता आवर.

आणि आवरता आलं असतं. तीन प्रश्न, तीनदा शंभर टक्के. पाहुणे खुशीत मान हलवत होते. ब्रांकित्साच्या बाजूनं तर शंकाच नव्हती. दोन मतं खिशात होती आणि समितीत दोनच मतं लागतात. त्रिफुन सर एकटे काय करणार? नवऱ्याचा कारखाना बंद झाल्यापासून घर माझ्या एकटीच्या पगारावर चालतं. निशमध्ये दुसरीकडे कुठे मी हे शिकवणार? ‘शाब्बास मुलांनो’ एवढे दोन शब्द म्हणायचे होते.

 मी त्या पोरांना सहा महिने एकच गोष्ट सांगत आले होते, की पटल्याशिवाय मान डोलवू नका. माझ्यासमोरही नाही. आणि आता मी माझी स्वतःची लायकी एका खोट्या सिद्धतेवर पास करून घेणार होते. हे सगळं मोठं बोलायला सोपं आहे. त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की मी ‘शाब्बास’ म्हटलं, तर उद्यापासून यागोदाच्या डोळ्याला डोळा भिडवता येणार नाही.

मी ठरवलेला चौथा प्रश्न सोडून दिला आणि कॉम्प्युटरमधली दुसरी फाइल उघडली. आदल्या दिवशीच गृहपाठ तपासताना एक सिद्धता मी तिथे टाइप करून ठेवली होती. पुढच्या आठवड्यात वर्गात घ्यायची म्हणून. गृहपाठ अजून परत दिले नव्हते. सिद्धता ओग्नेनची होती. आणि चुकीची होती.

“संबंध,” मी म्हटलं. “माणसामाणसांत असतो तसा कुठलाही एक संबंध घ्या. त्याचे दोनच नियम. एकाचा दुसऱ्याशी असेल, तर दुसऱ्याचा पहिल्याशी असतोच. आणि एकाचा दुसऱ्याशी, दुसऱ्याचा तिसऱ्याशी असेल, तर पहिल्याचा तिसऱ्याशी असतो. कुणीतरी सिद्ध केलंय की मग प्रत्येकाचा स्वतःशीही संबंध असलाच पाहिजे. वाचा.”

पडद्यावर चार ओळी होत्या. कोणीही एक क्ष घ्या. ज्याच्याशी क्षचा संबंध आहे असा एक य घ्या. क्षचा यशी आहे, म्हणून यचाही क्षशी आहे. क्षचा यशी आणि यचा क्षशी, म्हणून क्षचा क्षशी, म्हणजे स्वतःशी. सिद्ध झालं.

“दुसरी ओळ मोडते असं वाटत असेल तर अ. तिसरी, ब. चौथी, क. सगळं ठीक असेल तर ड.”

ओग्नेननं वर बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला. आपलीच सिद्धता, समितीसमोर, नमुना म्हणून! दहा मार्कांची खात्री असलेल्या पोराचा चेहरा कसा दिसतो ते बघायचं तर तेव्हा बघायला हवं होतं. त्यानं मोठ्या ऐटीत केसांतून हात फिरवला.

ड. शंभर टक्के.

ब्रांकित्सा हसली. पाहुण्यांनी कौतुकानं भुवया उंचावल्या. आणि शेवटच्या बाकावर त्रिफुन सरांची मान हळूहळू वर आली. त्यांनी पडदा वाचला, खांब बघितला, मग माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यानं विशीतली मी असते तर खडू हातातून पडला असता.

“सगळ्यांना पटलंय,” मी म्हटलं.

“हो बाई!” सगळे एका सुरात.

“ठीक. ओग्नेन, जरा इकडे ये. इथे, माझ्या खुर्चीत बस. असा नाही, फळ्याकडे तोंड करून. पाठ वर्गाकडे. आणि दोन्ही हात टेबलावर.”

 ओग्नेन उठला, त्याचे कान लाल होत गेले. तो येऊन बसला. ब्रांकित्साच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

“आता पुन्हा मतदान,” मी म्हटलं. “तीच सिद्धता. यावेळी वाचून.”

कुणी बटण दाबेना. पोरं एकमेकांकडे बघत होती, मग पडद्याकडे, मग ओग्नेनच्या मानेकडे. मानेवरून काहीच कळत नव्हतं. मी पहिल्यांदाच त्यांना खरोखर वाचताना बघत होते, ओठ हलवत, कपाळाला आठ्या घालत. एकेक बटण वाजायला लागलं. 

खांब उभे राहिले. ड जवळजवळ पूर्ण. आणि अच्या जागी अगदी बारीक, नखाएवढी एक पट्टी.

एक मत.

“अरे!” पाहुणे मागून उत्साहानं म्हणाले. “एक जण फुटला! कोण आहे तो? कॉम्प्युटरमध्ये दिसत असेल ना, कोणत्या क्लिकरचं मत आहे?”

“दिसतं,” मी म्हटलं.

“मग बघा की.”

“नाही बघणार. मी त्यांना शब्द दिलाय.”

“अहो, पण समितीला...”

“समितीलासुद्धा नाही, सर.”

पाहुण्यांचं सकाळपासूनचं प्रेम तिथे संपलं. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला. मी वर्गाकडे वळले. “आपल्यातलं कुणीतरी एक म्हणतंय की दुसरी ओळ मोडते. ते एक तर खुळं आहे, नाहीतर तुम्ही सगळे. पटवा शेजाऱ्याला.”

सुरुवातीला नुसती कुजबुज झाली. मग खिडकीकडून एक आवाज चढला.

“दुसऱ्या ओळीत काय आहे मोडण्यासारखं? नुसतं ‘य घ्या’ म्हटलंय.”

“घ्या म्हणजे कुठून घ्या?” हा यागोदाचा आवाज. “दुकानात मिळतो का?”

“असणारच की कुणीतरी य.”

“का असणार?”

“प्रत्येकाचं कुणाशी ना कुणाशी असतंच गं काहीतरी.”

“माझ्या काकाचं कुणाशीच नाही. घरात कुणाशी बोलत नाही, बाहेर कुणाशी बोलत नाही. सांग, त्याचा य कोण?”

हशा पिकला. “तुझा काका गणितात नाही बसत!” कुणीतरी ओरडलं. “का नाही बसत? ‘कोणीही एक क्ष घ्या’ असंच लिहिलंय, मग मी काकाला घेतला!” आणि मग बांध फुटला. पोरं बाकांवर उलटी बसली, एकमेकांच्या वहीवर रेघा मारायला लागली, कुणी पहिल्या बाकावरून शेवटच्या बाकाशी भांडायला लागलं. ब्रांकित्सानं डोळ्यांवर हात घेतला. मला मात्र समिती आहे याचाच दोन मिनिटं विसर पडला. हा माझा वर्ग होता. हाच मला त्यांना दाखवायचा होता.

“थांबा!”

ओग्नेन उभा राहिला होता. मी सांगितलं नव्हतं तरी वळला होता. त्याचा आवाज फाटला. “थांबा जरा. ही सिद्धता माझी आहे.”

सगळे त्याच्याकडे वळले. आमच्याकडे फळ्यापाशी गेलेल्या माणसाची चूक काढायची ती मास्तरांनी. स्वतःची चूक स्वतः कुणी सांगत नाही. तसं करणारा एक तर वेडा असतो, नाहीतर नापास होणार असतो.

“यागोदा बरोबर बोलतेय,” तो म्हणाला. “ज्याचं कुणीच नाही त्याच्यासाठी मला य मिळत नाही. मी लिहिताना धरूनच चाललो की प्रत्येकाचं कुणीतरी असतं. ते कुठेही दिलेलं नाही. दुसऱ्या ओळीत मोडते. सॉरी.” शेवटचा शब्द तो मला म्हणाला की वर्गाला, कळलं नाही.

“पुन्हा मतदान,” मी म्हटलं.

बहुतेकांनी अ दाबलं. सगळ्यांनी नाही. चार-पाच जण अजून ‘ड’वर हटून बसले होते. त्यांना पटलं नव्हतं आणि सगळा वर्ग एकीकडे गेला तरी त्यांनी बटण बदललं नव्हतं. त्या चार-पाच ढ पोरांना मिठी मारावी असं मला वाटलं.

तास संपल्यावर पोरांना बाहेर पाठवलं. पाहुणे उठून उभे राहिले. “मला एक समजावून सांगा,” ते म्हणाले. “पहिल्या तीन प्रश्नांना सगळेच्या सगळे हुशार. चौथ्याला सगळेच्या सगळे ढ. यातलं खरं कोणतं?”

ब्रांकित्सा त्यांच्या मागे उभी राहून मला मानेनं नाही नाही म्हणत होती.

“चौथं,” मी म्हटलं. “पहिल्या तीन वेळा वर्गानं मत दिलंच नव्हतं. एकाच मुलाचं मत सगळ्यांनी दाबलं होतं. मला वाचवायला.”

“म्हणजे कॉपी?”

“हो.”

“आणि हे तुमच्या लक्षात आलं होतं?”

“दुसऱ्या प्रश्नाला आलं.”

त्रिफुन सर उठले. कोटाची बटणं लावली आणि निघून गेले.

निकाल त्याच आठवड्यात लागला. नेमणूक वाढवायची नाही, दोन विरुद्ध एक. ब्रांकित्सा मला जिन्यात भेटली आणि रडवेली होऊन माझ्यावरच खेकसली. “तुला कुणी सांगितलं होतं तोंड उघडायला? तीनदा शंभर टक्के, नेवेना! मी अहवालाचं पहिलं पानसुद्धा डोक्यात लिहून ठेवलं होतं. नंतर तो माणूस म्हणतो, मॅडम, ज्या वर्गात कॉपी होते आणि बाई ते कबूल करतात, त्या बाईंच्या बाजूनं मी कशी सही करू? मी काय बोलणार होते त्यावर? मीही नाही करू शकले.”

“तूही?” मी म्हटलं.

ती खाली उतरून गेली.

मग तो एक कोण? मी वर गेले तर त्रिफुन सर माझ्या खोलीच्या दारात उभे होते. हातात टोपी.

“तुम्ही, सर?”

“मी चाळीस वर्षं फळ्यापाशी उभा आहे,” ते म्हणाले. “नाक खाजवणारी पोरं मला नवीन वाटली तुला? पहिल्याच प्रश्नाला ओळखलं. मी बसलो होतो ते तू काय करतेस ते बघायला. गप्प बसली असतीस, तर मी विरोधात लिहिणार होतो.”

“आणि बाकीचे दोघं माझ्या बाजूनं.”

“हो. दोन विरुद्ध एक, तू राहिली असतीस. बोललीस, तर दोन विरुद्ध एक, तू गेलीस. दोन्ही वेळा तो एक मीच.”

मला हसू आलं, आणि हसता हसता मी दाराच्या चौकटीला धरून रडायला लागले. चाळीस वर्षांत त्यांच्यासमोर बरीच पोरं रडली असतील. त्यांनी मला रडू दिलं.

“सर, सभेत तुम्ही मला गाढवांवरून बोलला होतात.”

“ते अजूनही खरं आहे. परवा गाढवांनी मतदान केलं आणि एक सोडून सगळी चुकली. फरक एवढाच की ती चुकली हे त्यांना फळ्यावर न जाता कळलं. मला त्यासाठी एकेकाला उभं करून घाम काढावा लागायचा. एका तासात एकाचा. तू एका तासात सगळ्यांचा काढलास.” त्यांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. “पुढच्या वर्षी हा विषय माझ्या गळ्यात पडणार, दुसरं आहे कोण. ती खेळणी चालू कशी करतात?”

मला त्यांना दाराबाहेर काढावंसं वाटलं. माझी नोकरी गेली होती आणि हा म्हातारा माझ्या क्लिकरचं बटण विचारत होता. “जूनपर्यंत तास माझेच आहेत, वर्गात या,” मी म्हटलं. “मी सांगणार नाही. बसा आणि करा.”

ते आले. पोरांना निकाल कळलेला होता. कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. ओग्नेननं जागा बदलली होती, तो पहिल्या बाकावर, जिथे मागच्या कुणालाही त्याचं तोंड दिसत नाही, तिथे बसला होता. “बाई, आम्ही सह्या गोळा करतोय,” तो म्हणाला, “सगळ्या वर्गाच्या.”

“सगळ्या वर्गाच्या नकोत मला,” मी म्हटलं. “ज्याला वाटेल त्यानं करावी. ज्याला वाटत नसेल त्याच्या मागे लागलास तर बघ. आता क्लिकर घ्या.”

त्रिफुन सर यागोदाच्या शेजारी बसले, कोटासकट. मी त्यांच्या हातात एक क्लिकर ठेवला आणि पडद्यावर एक सिद्धता लावली. चांगली कठीण, मला स्वतःला जिच्यावर एक अख्खी दुपार घालवावी लागली होती ती. वर्ग वाचायला लागला. कुणी नाक खाजवलं नाही. एकेक बटण वाजत होतं, थांबून थांबून.

सर पडद्याकडे बघत राहिले. चष्मा काढला, पुसला, घातला. अंगठा बटणांवरून फिरला आणि अधांतरी राहिला. वेळ जात होता. मग मी बघितलं, त्यांची नजर हळूच, अगदी पहिलीतल्या पोरासारखी, यागोदाच्या हाताकडे सरकली.

यागोदानं क्लिकरवर दुसऱ्या हाताचा पंजा ठेवला.

“सर,” ती म्हणाली, “स्वतःचं स्वतः दाबा.”

 त्रिफुन सरांचे कान लाल झाले. त्यांनी पुन्हा पडद्याकडे बघितलं, पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली, आणि बऱ्याच वेळानं एक बटण दाबलं.